पिकअप घेताना रेटिंग किती मानायचं?

“ताई, तुम्ही स्वतः पिकअप चालवता, शिवाय तुमचं कामच गाड्यांच्या बिघाडांचं. मग सांगा ना, कन्झ्युमर रिपोर्ट्सचं गाड्यांच्या भरवशाचं रेटिंग मानायचं की नाही? पिकअपवाले तर म्हणतात त्यात काही अर्थ नाही.”

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. आमच्या मंडळाच्या गणपतीत सजावटीचं सामान ट्रकमधून उतरवताना हे कोणीतरी हमखास विचारतं. डेट्रॉइटच्या आसपास नवीन घर घेतलेली, अंगणात माती-झाडं आणायला लागलेली मंडळी फोन करून विचारतात. उभ्याउभ्या उत्तर द्यायचं म्हणजे अर्धंच होतं, आणि अर्ध्या उत्तरावर कुणी चाळीस हजार डॉलर खर्च करावेत हे मला पटत नाही.

आधी माझं मत सांगून टाकते. रेटिंग माना. मी मानते. पण ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते बघून माना, कारण पिकअप घेणाऱ्याच्या मनातला प्रश्न बहुतेक वेळा वेगळाच असतो. मालक आणि रेटिंग यांच्यातलं भांडण तिथून सुरू होतं.

कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते स्पष्ट असू दे. टोयोटा टाकोमा, निसान फ्रंटियर, शेवरोले कोलोरॅडो आणि तिची जुळी जीएमसी कॅनियन, फोर्ड रेंजर, जीप ग्लॅडिएटर, होंडा रिजलाइन. एफ-१५० वगैरे मोठ्या ट्रकपेक्षा एक माप लहान. तिकडे भारतात हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस दिसते, साधारण त्या अंगाच्या. (हायलक्स इथे अमेरिकेत मिळत नाही. परदेशातून येणाऱ्या हलक्या ट्रकवर १९६४पासून २५ टक्के आयातकर आहे, त्यामुळे इथली पिकअपची बाजारपेठ जगापेक्षा वेगळीच वाढली.)

आता रेटिंग देणाऱ्यांबद्दल. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही १९३६ साली सुरू झालेली ना-नफा संस्था. जाहिराती घेत नाही. चाचणीच्या गाड्या कंपनीकडून फुकट घेत नाही, सामान्य गिऱ्हाइकासारख्या डीलरकडून विकत घेते आणि कनेक्टिकटमधल्या स्वतःच्या ट्रॅकवर चालवते. मी मुंबईत ग्राहक पंचायतीच्या वातावरणात वाढले. आई पंचायतीच्या आमच्या ग्राहक संघाच्या याद्या करायची, महिन्याचं सामान आलं की आमच्याच घरात त्याची वाटणी व्हायची, आणि डाळीत खडे निघाले तर ते एकट्या आमच्या घरचं गाऱ्हाणं नसायचं, सगळ्या संघाचं असायचं. विकत घेणाऱ्यांनी आपले अनुभव एका जागी आणले की विकणाऱ्याला ऐकावं लागतं, हे मी लहानपणी पाहिलंय. त्यामुळे या संस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तिला कुणी “विकलेले लोक” म्हणालं की मी गप्प बसत नाही.

पुष्कळांना वाटतं की भरवशाचा आकडा त्या ट्रॅकवरून येतो. तसं नाही. ट्रॅकवर ब्रेक, वळणं, आवाज, आराम तपासतात. भरवसा ठरतो सभासदांनी भरलेल्या वार्षिक सर्व्हेवरून. तीन लाखांहून अधिक गाड्यांची माहिती त्यात येते. प्रश्न असा असतो: गेल्या बारा महिन्यांत तुमच्या गाडीत असा कुठला बिघाड झाला का, जो खर्चामुळे, गाडी बंद पडल्यामुळे, सुरक्षिततेमुळे किंवा गाडी अडकून पडल्यामुळे तुम्हाला गंभीर वाटला? इंजिन, गियरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, विजेची कामं, रंग आणि फिटिंग, स्क्रीन आणि रेडिओ असे सुमारे वीस विभाग. इंजिन-गियरबॉक्सच्या बिघाडाला जास्त वजन, खडखडाटाला कमी. त्यावरून त्याच वर्षाच्या इतर गाड्यांशी तुलना होते. आणि “नवी गाडी किती टिकाऊ ठरेल” हा अंदाज बहुतांशी त्या मॉडेलच्या मागच्या तीनेक वर्षांवरून काढतात, मध्ये गाडी पूर्ण बदललेली नसेल तर. बदललेली असेल तर कंपनीचा इतिहास आणि जुनं मॉडेल यांचा आधार घ्यावा लागतो.

जे. डी. पॉवर हे वेगळं प्रकरण. ती व्यावसायिक कंपनी. तिच्या एका पाहणीत पहिल्या नव्वद दिवसांतल्या तक्रारी मोजतात, दुसरीत तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या, दर शंभर गाड्यांमागे किती, अशा. टीव्हीवरच्या जाहिरातीत ट्रॉफी दिसते ती बहुधा यांची, आणि ती जाहिरातीत वापरायला गाडीवाले पैसे मोजतात. पिकअप घेणाऱ्याला नव्वद दिवसांच्या आकड्याचा उपयोग फार थोडा, म्हणून ते इथेच सोडते.

मालकांचं म्हणणं काय असतं? इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण ही माणसं मला आवडतात. मल्चच्या (झाडांच्या बुडाशी पसरायच्या लाकडाच्या भुशाच्या) यार्डात रांगेत उभं राहिलं की गप्पा आपोआप सुरू होतात, आणि गाडीचा विषय पाचव्या मिनिटाला निघतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे “माझ्या गाडीला कधी काही झालं नाही.” ते खोटं बोलत नसतात. एकदा असंच म्हणणाऱ्या एका गृहस्थांनी लोडर येईपर्यंत मला कौतुकानं आतलं डॅशबोर्ड दाखवलं. एक लाख चाळीस हजार मैल झालेले, सीट अजून ताठ. आणि स्पीडोमीटरच्या बाजूला चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. मी विचारलं, हा? “तो? तो ऑक्सिजन सेन्सर. दोन वर्षांपूर्वी एकदा बदलला होता, परत आलाय. त्यात काय!” पुढे बोलताबोलता कळलं की मागचं एक बेअरिंगही त्यांनी घरीच बदललंय. हे सगळं त्यांच्या लेखी बिघाडात मोडतच नव्हतं. स्वतःच्या हातानं शनिवारी सकाळी नीट झालं ते बिघाड नाही, टो ट्रक बोलवावा लागला तर बिघाड. तेच सेन्सरचं काम एखाद्या आयटीतल्या माणसाच्या गाडीत निघालं, डीलरनं चारशे डॉलर घेतले आणि अर्धा दिवस वाया गेला, तर तो सर्व्हेत ठामपणे “गंभीर” वर खूण करेल. दोघंही खरं सांगतायत. आकडा मात्र कुठल्या गाडीला कुठल्या तऱ्हेचा मालक जास्त मिळतो त्यावरही हलतो. माझ्या मते सर्व्हेतली ही खरी फट आहे, आणि संस्थेनं कितीही काळजी घेतली तरी ती पूर्ण बुजणार नाही.

दुसरं वाक्य, “ते कारवाले लोक आहेत, त्यांना ट्रकमधलं काय कळतं.” याचा रोख बहुतेक रिजलाइनवर असतो. कन्झ्युमर रिपोर्ट्सनं ती वर्षानुवर्षं उचलून धरलेली. तिची बांधणी मोटारीसारखी, खाली वेगळी फ्रेम (लोखंडी सांगाडा) नाही, चालवायला गुळगुळीत. बाकीच्या गाड्यांचे मालक तिला ट्रक म्हणायलाच तयार नसतात. मला हे पटत नाही. रिजलाइनच्या हौद्यात साधारण पंधराशे पौंड वजन चालतं, म्हणजे तिला हसणाऱ्यांपैकी बऱ्याच गाड्यांइतकं किंवा जास्तच. ओढण्याची मर्यादा मात्र पाच हजार पौंड, आणि कोलोरॅडो, रेंजर, ग्लॅडिएटर योग्य साज असला की साडेसात हजारांच्या पुढेमागे ओढतात. बोट ओढायची असेल तर त्यांचं बरोबर. महिन्यातून दोनदा प्लायवूड आणि खत आणायचं असेल तर रिजलाइनला नावं ठेवायचं कारण मला दिसत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. तिच्या व्ही-सिक्स इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, लाख मैलांच्या सुमारास तो बदलावा लागतो आणि काम स्वस्त नाही. देखभाल म्हणजे बिघाड नव्हे, म्हणून रेटिंगमध्ये हा खर्च कुठेच दिसत नाही.

तिसरं वाक्य स्क्रीनचं. “फोन जोडला गेला नाही म्हणून गाडी वाईट?” यात थोडं तथ्य आहे. पण संस्था स्क्रीनच्या तक्रारीला इंजिनाइतकं वजन देत नाही, आणि रेटिंग उघडलं की प्रत्येक विभागाची वेगळी पट्टी दिसते. ओरड करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती पट्टी बघितलेली असते.

आणि चौथा प्रकार, ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं: आपल्या गाडीला चांगले गुण मिळाले की त्याच रेटिंगचं प्रमाणपत्र करणारे. टाकोमावाले यात आघाडीवर. वर्षानुवर्षं टाकोमा विकताना “रेटिंग बघा” हे वाक्य ठरलेलं असायचं. मग २०२४ साली टाकोमा पूर्ण नवी आली. जुनं साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स जाऊन दोन पूर्णांक चार लिटरचं टर्बो इंजिन आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस कन्झ्युमर रिपोर्ट्सची यादी जाहीर झाली तेव्हा सुबारू पहिली, लेक्सस दुसरी आणि टोयोटा तिसरी होती, आणि टोयोटा खाली येण्यामागे नव्या टाकोमाचे कमी गुण हे एक कारण म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या ओळखीच्या टाकोमावाल्यांत त्या आठवड्यात फूट पडली. जुन्या मॉडेलच्या मालकांनी रेटिंग खरं मानलं, नव्यांनी तीच संस्था एकाएकी अविश्वासार्ह ठरवली. मला यात संस्थेची बाजू भक्कम वाटते. जिच्या भरवशाला वर्षानुवर्षं चांगले गुण दिले त्याच गाडीला, मालकांनी बिघाड कळवल्यावर, खाली ओढायला ती कचरली नाही. विकली गेलेली संस्था असं करत नाही.

आता मालकांचं खरंच बरोबर असतं त्या जागा. पहिली आणि मोठी जागा म्हणजे गंज.

डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. ते मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं आणि आमच्या गाड्यांच्या खालून वर चढतं. टाकोमाला जेव्हा उत्तम गुण मिळत होते तेव्हा तिच्या फ्रेम आतून सडत होत्या. १९९५ ते २००० च्या टाकोमांसाठी टोयोटानं २००८मध्ये फ्रेमची वॉरंटी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली, आणि फार सडलेल्या गाड्या परत विकत घेतल्या. पुढे २००५ ते २०१० च्या टाकोमा आणि त्या काळातल्या टोयोटाच्याच टुंड्रा-सिक्वोया मिळून सुमारे पंधरा लाख गाड्यांसाठी २०१६मध्ये मालकांच्या कोर्टातल्या दाव्यात तडजोड झाली, तिची किंमत ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज तेव्हा होता. इंजिन अजून पंधरा वर्षं चाललं असतं, पण त्याच्या खालचा सांगाडाच राहिला नाही. “गेल्या बारा महिन्यांत काय बिघडलं” या प्रश्नाला हे दिसणं अवघड, कारण फ्रेम आठ-दहा वर्षं काहीच तक्रार करत नाही आणि मग एके दिवशी मेकॅनिक गाडी लिफ्टवर घेऊन तुम्हाला खाली बोलावतो.

म्हणून जुनी पिकअप बघायला गेले की मी आधी इंजिन बघतच नाही. जमिनीवर जुनी चटई टाकायची, टॉर्च आणि छोटी हातोडी घ्यायची, मागच्या चाकाच्या पुढे जिथे लीफ स्प्रिंगचा पट्टा फ्रेमला बोल्टानं जोडलेला असतो तिथे आत सरकायचं. फ्रेमवर हलके ठोके मारत जायचं. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. सडलेल्या जागी तो दबतो, आणि कधीकधी हातोडीखाली पापुद्रा सुटून तोंडावर पडतो, म्हणून चष्मा घालायचा. बंद पेटीसारख्या फ्रेमला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात, त्यात बोट घालून बघायचं. ओली, दाणेदार माती निघाली तर बाहेरचा काळा रंग कितीही ताजा असो, सरळ घरी परत यायचं. ताजा काळा रंग दिसला तर मी उलट जास्त ठोकते. टेक्सास किंवा ॲरिझोनात आयुष्य काढलेली तीच गाडी, त्याच वर्षाची, खालून नवी दिसते. रेटिंगमध्ये त्या दोन्ही एकाच ओळीत बसतात.

दुसरी जागा म्हणजे ओळखीचे दोष. यावर मी मंडळात कित्येकांशी वाद घातलाय, कारण इथे मालकांचं ज्ञान सर्व्हेच्या पुढे जातं. २००५ ते २०१० च्या फ्रंटियरमध्ये गियरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतून जाते. ती आत तडकली की कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळायचं, त्याचा गुलाबी फेसाळ राडा व्हायचा, आणि गियरबॉक्स गेला. मालकांत त्याला “स्ट्रॉबेरी मिल्कशेक” म्हणतात. निसाननं वॉरंटी वाढवून आठ वर्षं किंवा ८०,००० मैल केली. पण शहाण्या मालकांनी वाट बघितली नाही. रेडिएटर बदलला किंवा तेलासाठी बाहेर वेगळा कूलर बसवला. गियरबॉक्सच्या मानानं किरकोळ खर्च. त्या वर्षांच्या फ्रंटियरची पट्टी रेटिंगमध्ये वाईट दिसते, आणि दिसायलाच हवी. पण रेडिएटर वेळेवर बदललेली, कागद जपून ठेवलेली फ्रंटियर ही त्या पट्टीतली गाडी राहिलेलीच नाही. अशी गाडी पट्टीच्या भीतीनं स्वस्तात मिळते.

कोलोरॅडो आणि कॅनियनचंही तसंच. २०१७पासून त्यात आठ गियरची ऑटोमॅटिक पेटी आली आणि पुष्कळ गाड्या ठरावीक वेगात बारीक थरथरू लागल्या. २०१९मध्ये जीएमनं डीलरांना सूचना काढली: गियरबॉक्समधलं जुनं तेल ओलावा धरतं, ते पूर्ण उपसून दुसऱ्या प्रकारचं भरा. बऱ्याच गाड्यांची थरथर त्यानं थांबली. सगळ्यांची नाही. त्यामुळे वापरलेली कोलोरॅडो बघताना माझा प्रश्न असतो की तेल बदलल्याची पावती आहे का, आणि कधीची आहे. रेटिंगनं मला हा प्रश्न विचारायला शिकवलं, उत्तर मात्र पावतीतच मिळतं.

तिसरी जागा पैशाची, आणि इथे माझं मालकांशीही जमत नाही आणि आंधळेपणानं रेटिंग मानणाऱ्यांशीही नाही. चांगलं रेटिंग फुकट मिळत नाही. वापरलेल्या टाकोमाची किंमत इतकी चढी असते की इथे सगळे “टोयोटा टॅक्स” म्हणतात. म्हणजे पुढच्या काही वर्षांत जो बिघाड होणार नाही असा अंदाज आहे, त्याचे पैसे तुम्ही आजच मोजता. कधीकधी ते बरोबर असतं. ज्याला गाडी बंद पडून चालणारच नाही, पहाटे पाचला शिफ्टला जायचंय, जवळ दुसरी गाडी नाही, त्यानं तो टॅक्स भरावा. पण ज्याच्या दारात आणखी एक गाडी आहे आणि हाताशी भरवशाचा मेकॅनिक आहे, त्यानं कमी गुणांची गाडी निम्म्याच्या आसपास मैल झालेली घेऊन उरलेले पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले तर तो तोट्यात जाईलच असं मला वाटत नाही. आणि “सरासरीपेक्षा खाली” हे शब्द वाचताना त्यातली सरासरी आठवावी. तीस वर्षांपूर्वीच्या मधल्या गाडीपेक्षा आजची मधली गाडी कमी बिघडते. खालच्या पट्टीचा अर्थ त्याच वयाच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त बिघाड, एवढाच. किती जास्त, ते पट्टी सांगत नाही.

माझ्या कामातलंही थोडं सांगते, कारण तुम्ही त्यासाठीच मला विचारता. सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी वॉरंटीचे आकडे बघते. आमच्याकडे बिघाड दर हजार गाड्यांमागे मोजतात, आणि माहिती येते डीलरनं केलेल्या दाव्यांतून. साधी वॉरंटी तीन वर्षं किंवा ३६,००० मैल, इंजिन-गियरबॉक्सची बहुधा पाच वर्षं किंवा ६०,०००. त्यानंतर गाडी गल्लीतल्या गॅरेजमध्ये जाते आणि आमच्या डोळ्यांआड होते. सातव्या वर्षी काय होतं हे आम्हालाही सभासदांच्या सर्व्हेसारख्या गोष्टींतून कळतं. त्यामुळे “कंपन्यांना सगळं माहीत असतं, सर्व्हे कशाला” असं कुणी म्हणालं की मी नकारार्थी मान हलवते.

दुसरं, वापर. ओल्या मातीचा एक घनयार्ड (माती विकायचं इथलं माप) म्हणजे दोन हजार पौंडांहून जास्त वजन. या मापाच्या बहुतेक पिकअपची मर्यादा बाराशे ते सोळाशे पौंड, त्यात तुम्ही, तुमची मुलं आणि टूलबॉक्सही आले. वसंतात यार्डाबाहेर पडणारे ट्रक बघा, मागचं चाक कमानीत शिरलेलं, पुढचे दिवे आभाळात. त्यांचे लीफ स्प्रिंग आणि बेअरिंग लवकर जाणारच, आणि सर्व्हेत ती गाडी “सस्पेन्शनमध्ये कच्ची” ठरणार. त्याच नावाची दुसरी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये आयुष्य काढते. माझी खात्री आहे की पिकअपच्या रेटिंगमधला गोंधळ मोटारींपेक्षा जास्त असतो तो यामुळे.

पण म्हणून “माझ्या एकट्याच्या अनुभवावर जा” हा सल्ला तर त्याहून वाईट. एका गाडीवरून काहीच ठरत नाही. शंभरात वीस गाड्यांचा गियरबॉक्स जात असेल तरी ऐंशी मालक छातीवर हात ठेवून सांगतील की गाडी दगडासारखी आहे. इथल्या वेन गावातल्या फोर्डच्या कारखान्यात रेंजर बनते, तिथून आमचं घर लांब नाही. आमच्या शेजारी कारखान्यात काम केलेले, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत गाडी घेतलेले लोक राहतात. त्यांचा आपल्या गाडीवरचा जीव मी समजू शकते, त्या गाडीनं त्यांची घरं उभी केली. गाडी कोणती घ्यावी हे मात्र मी त्यांना विचारत नाही. ती कशी राखावी ते विचारते, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

ग्लॅडिएटरवाल्यांचं आणखी निराळं. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या एकूण गुणांत ती सहसा वर नसते, हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि तरी उन्हाळ्यात छत नि दारं काढून तळ्यावर निघालेल्या त्या माणसाला विचारा, परत हीच घ्याल का? हो म्हणेल. संस्थेलाही हे ठाऊक आहे. “सगळा विचार करता हीच गाडी पुन्हा घ्याल का” हा प्रश्न त्या सर्व्हेत वेगळा असतो आणि त्याचे गुण वेगळे छापतात. कुठली गाडी बिघडत नाही आणि कुठल्या गाडीवर मालक खूश आहेत, हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचा. तुम्हाला कुठल्याची जास्त गरज आहे ते तुम्हीच ठरवायचं.

परवा ज्या जोडप्यानं विचारलं त्यांना मी काय सांगितलं तेही लिहिते. बजेट मध्यम, गाडी दहा वर्षं ठेवायची, राहणार इथेच मिशिगनात. म्हटलं, पूर्ण नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नका, मग ती कुठल्याही कंपनीची असो. तिचं रेटिंग वाचताना तो अंदाज आहे की मालकांनी कळवलेले आकडे, हे आधी बघा. टाकोमाच हवी असेल तर २०२३ची, जुन्या बांधणीतली शेवटची. फ्रंटियरचं ३.८ लिटरचं इंजिन आणि नऊ गियरची पेटी २०२०मध्ये जुन्याच अंगात बसवली आणि नवं अंग २०२२मध्ये आलं, म्हणजे अंग बदललं तेव्हा इंजिनाला दोन वर्षं होऊन गेली होती. मला हा क्रम आवडतो. एकूण गुणांवर थांबू नका, विभागवार पट्ट्या उघडा. इंजिन, गियरबॉक्स, फोर-व्हीलचा भाग यांत वाईट खूण असेल तर सोडा. रंग, फिटिंग, स्क्रीन यांत असेल तर भाव करा. आणि कुठलीही घ्या, पहिल्या हिवाळ्याआधी खालून गंज रोखणारा लॅनोलिनचा फवारा मारून घ्या, दरवर्षी. फ्रेमच्या आतून मारायला सांगा, नुसता बाहेरून नको. वहिनी लगेच म्हणाल्या, “एवढं करायचं तर मग रेटिंग कशाला बघायचं?” मी म्हटलं, कुठे टॉर्च मारायचा ते कळायला.

एक विनंती मात्र सगळ्या पिकअपवाल्यांना आहे, मराठी असोत की नसोत. रेटिंगला नावं ठेवणाऱ्यांना मी विचारते की तुम्ही सभासद आहात का, सर्व्हे भरलात का, आणि उत्तर जवळजवळ नेहमी “नाही” असतं. मग ट्रक न वापरणाऱ्यांची उत्तरं जास्त जातात ही तक्रार कुणी करायची? हे रेटिंग लायब्ररीत वाचत असाल तर एखादं वर्ष सभासद व्हा आणि सर्व्हे आला की भरा. डीलरनं वॉरंटीत फुकट करून दिलेलं कामही लिहा. घरी स्वतः बदललेलं बेअरिंगही, गाडी अडकून पडली असेल तर. वर्षभरात खरंच काही झालं नसेल, तर तेही कळवा. बिघाड झालेला माणूस रागानं फॉर्म भरतोच, काही न झालेला आळस करतो.